सिस्टरबाईंचा फ्लेक्स

आमच्या दवाखान्यातल्या सिस्टरबाई नेतृत्वाची फेलोशिप करून परदेशातून परत आल्या, तेव्हा कंधार रस्त्यावर त्यांच्या स्वागताचा भला मोठा फ्लेक्स लागला. कोपऱ्यात बाईंचा फोटो पासपोर्टएवढा, बाकी सगळे पुढारी.

पूर्वी बाई नुसत्या हुकूम सोडायच्या. माझ्या औषधाच्या खिडकीपर्यंत आवाज यायचा. आल्यापासून मात्र मान तिरकी करून एकच विचारतात, "तुम्हाला काय वाटतं?" आणि उत्तर मिळेपर्यंत हलत नाहीत. आमचा शिपाई घाबरला. "बाईला तिकडचं पाणी बाधलं जणू. रागंच भरीनात."

आठ दिवसांनी बाईंनी तो फ्लेक्स उतरवला आणि तपासणीला येणाऱ्या गरोदर बायांच्या रांगेवर सावलीसाठी बांधला. छापील बाजू वर, आभाळाकडं.

फ्लेक्स लावणारे एक पुढारी तणतणत आले. "आमचे फोटो काय कावळ्यानं बघावं का, बाई?"

बाईंनी मान तिरकी केली. "तुम्हाला काय वाटतं, साहेब?"

साहेब उन्हात घाम पुसत उभे. रांगेतल्या एका पोरीनं पोट सावरत सरकून त्यांना सावलीत जागा दिली. सावलीत येऊन ते म्हणाले, "पत्र्याचं शेडच टाकून देतो. नाव आतल्या बाजूनं लिहितो."

शेड झालं. मी म्हणालो, "बाई, फ्लेक्स आता घरी न्या, आठवण म्हणून."

त्यांनी घडी घातली, लसीकरणाच्या उन्हातल्या रांगेकडं पाहिलं आणि माझ्याकडं वळून मान तिरकी केली.

त्यांनी विचारायच्या आत मी शिडी आणायला निघालो.