नलूमावशींनी घातलेला बहिष्कार

नलूमावशी चहा गाळता गाळता मध्ययुगातल्या पोपांविषयी बोलायच्या, तेही नात्यातल्या माणसांविषयी बोलावं तशा. "अगं, त्या पोपनं अख्खं राज्य वाळीत टाकलं. ना घंटा, ना लग्नं, ना मेलेल्यांना धड माती. सैन्य कुठलं त्याच्याकडे? पण राजा आला नाक घासत." इथल्या कॉलेजात वर्षानुवर्षं युरोपचा इतिहास शिकवून रिटायर झालेली ही बाई स्वतः देवापुढे दिवा लावायची तो आठवला तरच. अमेरिकेतल्या या ट्रॉय गावात आमची दारं शेजारी, त्यात मी पुण्याची, त्यामुळे त्यांच्या घरात माझं नाक कायम खुपसलेलं.

मावशींचे यजमान, म्हणजे काका, व्हेंटिलेटरवर होते तेव्हा मावशी तासाभरासाठी घरी आंघोळीला आल्या. तेवढ्यात मुलानं, समीरनं, मशीन बंद करायच्या कागदावर सही केली. डॉक्टरांच्या मते काही उरलंच नव्हतं. मावशींचं म्हणणं एवढंच की मला विचारायला हवं होतं. तेराव्याला, लोकांच्या हातात ताटं असताना, त्यांनी मेणबत्ती पेटवली, समीरचं नाव घेतलं आणि ती जमिनीवर आपटून विझवली. बिशप बहिष्कार घालताना असंच करायचे, हे वर सगळ्यांना समजावलंही. कार्पेट जळलं. हसावं की रडावं, कुणाला कळेना. समीर पांढराफटक पडला, त्यानं बूट घातले आणि तो विमानानं दूर फ्रिस्कोला, आपल्या घरी निघून गेला. सहा वर्षं मावशींनी त्याचा एकही फोन घेतला नाही. मला त्यांचा राग यायचा, अजून येतो.

गेल्या जानेवारीत समीर झोपेतच गेला. मावशी तिकडे गेल्यासुद्धा नाहीत.

आठवड्याभरानं त्यांच्या दारावरचा कॅमेरा रोज सकाळी नऊला त्यांच्या फोनवर मेसेज पाठवू लागला, दाराशी कुणीतरी आहे म्हणून. बघावं तर रिकामी पायरी आणि कोरा बर्फ. मी आयटीवाली. बॅटरी बदलली, सेटिंग बदललं, शेवटी कॅमेरा काढून माझ्या ड्रॉवरमध्ये टाकला. दुसऱ्या दिवशी नऊला मेसेज आलाच. मी ड्रॉवरमधला कॅमेरा घेऊन मावशींकडे धावले.

मावशी मात्र शांत होत्या. "बहिष्कार मेल्यावरही उठवता येतो," त्या म्हणाल्या. "पण ज्यानं घातला त्यानंच उठवायचा. नाहीतर तो बाहेरच राहतो गं."

समीरच्या जागी मी दाराबाहेर उभं राहावं, बिशप करायचे तशी त्या खांद्याला काठी टेकवून मला आत घेतील, असं त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, मावशी, हे काही आपल्यातलं नाही.

"मेणबत्ती तरी कुठे आपल्यातली होती?"

दुसऱ्या दिवशी नऊला मी पायरीवर उभी राहिले. मावशींनी दार उघडलं, काकांची काठी माझ्या खांद्याला हलकेच टेकवली आणि सहा वर्षांत पहिल्यांदा ते नाव घेतलं. त्या रडत होत्या.

"समीर, चुकलं माझं. ये आत."

मी पाऊल उचललं. तेवढ्यात काठी आडवी आली. मावशींची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली होती.

"तू जरा बाजूला हो," त्या हळूच म्हणाल्या. "त्याला आधी येऊ दे."

मी भिंतीला चिकटून उभी राहिले. मागे बघायची माझी छाती झाली नाही.