रांजण वाजवणारी म्हातारी

बहात्तर-त्र्याहत्तरच्या सुमारास मी नगरच्या एका वस्तुसंग्रहालयात कारकून होतो. निळ्या वेलबुट्टीचा चिनी रांजण हे आमचं वैभव. खाली पाटी होती: 'संपूर्ण अखंड'. मोठमोठे पाहुणे त्याच्यासमोर माना डोलावत.

एका रणरणत्या दुपारी पारनेरकडची एक म्हातारी, एसटीला वेळ होता म्हणून, सावलीला आत आली. तिने रांजणाभोवती फेरी मारली आणि बाजारात माठ घेताना वाजवतात तसा बोटाच्या पेराने तो वाजवला. मग कान लावून पुन्हा वाजवला.

मी ओरडलो, "अहो आजी, हात लावू नका! तीनशे वर्षांचा आहे तो."

"आसंल बाबा. पन बद्द वाजतोय. तडा हाय ह्याला. फुकट दिला तरी न्यायची न्हाई मी."

आम्ही सगळे पोट धरून हसलो. ती गेल्यावर मी हळूच शेजारची बरणी वाजवली. खणखणली. रांजण मात्र खरंच बद्द वाजला. विजेरी धरली तर आतून बुजवलेला तडा दिसला.

मी साहेबांना सांगितलं. त्यांनी बराच विचार केला आणि 'संपूर्ण अखंड'च्या शेजारी आणखी एक पाटी लावायचा हुकूम दिला. मीच ती सुरेख अक्षरात रंगवली: 'वस्तू वाजवून पाहू नयेत.'