कोहळं कोणाच्या नावानं?

मिरजेहून गोंदियाच्या गाडीत बसलो तेव्हा माझा सौदा मनात पक्का होता. धाकटी बहीण नंदा हिला नागपूरहून परत आणायचं. अकरा महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेल्या तिच्या नवऱ्याची सोय मिरजेच्या एका शुश्रूषागृहात करायची, तिला तिथंच नर्सची नोकरी. दोन्हीकडे मी बोलून ठेवलं होतं. बदल्यात मला एकच वाक्य हवं होतं. तिनं म्हणायचं, "दादा, माझं चुकलं."

पंक्चरच्या टपरीपासून सुरुवात करून मी आज जुन्या मोटारसायकलींचा व्यापार करतो. त्या टपरीच्या जिवावर नंदाला नर्सिंग शिकवलं. आणि तिनं चौदा वर्षांपूर्वी मला न विचारता नागपूरच्या एका ख्रिस्ती मास्तराशी लग्न केलं. मला कळलं ते पोस्टाने आलेल्या कार्डावरून. तेव्हापासून मी तिच्याशी बोललो नव्हतो आणि त्या माणसाचं नाव एकदाही तोंडातून काढलं नव्हतं. तिची खबर बायकोला फोनवर कळायची; घरात विषय निघालाच तर मी 'तो माणूस' म्हणायचो.

रात्र आणि जवळजवळ अख्खा दिवस प्रवासात गेला. शनिवारी संध्याकाळी नागपूरला उतरलो. नोव्हेंबर असूनही ऊन चटका देत होतं. स्टेशनबाहेर रिक्षावाल्याने दीडशे सांगितले. मी ऐंशी म्हटलं.

"काका, ऐंशीत तर मी तुमच्याकडे पाहून बी नाही राहिलो," तो म्हणाला आणि खरंच तोंड फिरवून बसला.

एकशे वीसवर जमलं. सीताबर्डीवरून जाताना डोक्यावरून मेट्रो सरकत होती आणि खाली कपड्यांच्या गाड्यांवर माझ्यासारखीच माणसं हुज्जत घालत होती. हे गाव मला परकं वाटेना, याचाही थोडा राग आला.

नंदाचं घर एका जुन्या वस्तीत, दोन खोल्यांचं. दारात तिनं पाया पडायला वाकून पाहिलं, मी पाय मागे घेतले. आत खाटेवर तो माणूस होता. डोळे उघडे, पण नजर कुठेच नाही. नाकात नळी. गेल्या नाताळात चर्चवर तारा बांधताना शिडीवरून पडला होता. दोन महिने दवाखान्यात ठेवून रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी 'आता घरी न्या' एवढंच सांगितलं होतं. देवाच्या घरावर दिवा लावताना देवानेच पाडलं; हा कुठला व्यवहार, असं मला तेव्हापासून विचारायचं होतं.

नंदा त्याची दाढी करत होती आणि एकीकडे त्याच्याशी बोलत होती. "दादा आला बरं का. गाडी तासभर लेट होती म्हणे."

"ऐकू येतं त्याला?" मी विचारलं.

"माहीत नाही."

"मग कशाला बोलतेस?"

"ऐकू येत असलं तर?"

जेवायला तिनं सांबारवडी (इकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात) आणि वडा-भात केला होता. चव आईच्या हाताची होती, मसाला नागपूरचा. जेवण झाल्यावर मी सौदा मांडला. ती शेवटपर्यंत ऐकत राहिली.

"तू नर्स आहेस," मी म्हटलं. "खरं सांग, बरा होणार आहे का तो?"

"नाही. बहुतेक नाही."

"मग तुझ्या प्रभूकडे मागतेस काय?"

"आधी म्हणायचे, यांना बरं कर. भांडायचे, अगदी तुझ्यासारखी आदळआपट करून. आता म्हणते, आम्हाला सोडू नकोस." तिनं ताटं गोळा केली. "वधस्तंभाखाली ज्या बाया उभ्या होत्या ना दादा, प्रभू रविवारी पुन्हा उठेल हे त्यांना त्या शुक्रवारी ठाऊक नव्हतं. सगळं संपलं होतं. तरी त्या तिथून हलल्या नाहीत."

"आणि रविवार आलाच नाही तर?"

"येतो. इथं नाही तर तिथं. तुला पटणार नाही, मला माहीत आहे. उद्या उपासनेला चल, हंगामाचा सण आहे. तुला उत्तर परवा देते."

सकाळी तिनं मला मागच्या अंगणात नेलं. न्हाणीघराच्या पत्र्यावर एक वेल पसरला होता आणि मधोमध एकच कोहळं (आपल्याकडचा लाल भोपळा) बसलं होतं. हंगामाच्या सणाला घरातलं पहिलं पीक चर्चमध्ये द्यायची इथली रीत आहे. तो माणूस दरवर्षी कोहळं द्यायचा. बी डब्यात राखून ठेवायचा. यंदा जूनमध्ये ते नंदानं लावलं.

"काढून दे ना," ती म्हणाली. भिंतीला शिडी टेकलेली होती. पायऱ्यांवर कोळ्यांनी जाळी विणली होती.

"तो पडला ती हीच का?"

तिनं मान हलवली. मी चढलो. खाली नंदानं शिडी दोन्ही हातांनी घट्ट धरली होती. मी देठ कापला, कोहळं काखेत घेतलं, आणि उतरताना शेवटच्या पायरीवर घसरून चिखलात बसलो. कोहळं शाबूत राहिलं. नंदा आधी किंचाळली, मग हसू लागली, मग बराच वेळ तिचं हसणं थांबेना. माझ्या पांढऱ्या विजारीची मात्र वाट लागली.

चर्च लहान होतं. लोक एकमेकांना 'सलाम' म्हणत (ही त्यांची भेटीची रीत). मलाही म्हणाले, मी नमस्कार केला. उपासना झाल्यावर आणलेल्या वस्तू बाहेर टेबलावर मांडल्या. संत्री, भेदरं (टोमॅटो), पाय बांधलेली एक कोंबडी, एका म्हातारीने आणलेलं एकच अंडं. शमुवेलकाका नावाचे रेल्वेतून निवृत्त झालेले धिप्पाड गृहस्थ चर्चच्या निधीसाठी लिलाव पुकारू लागले. मी पुढे सरकलो. हे माझं क्षेत्र.

पण असला लिलाव मी जन्मात पाहिला नव्हता. ते अंडं एकाने डझनाच्या भावात घेतलं आणि परत टेबलावर ठेवलं. दुसऱ्याने त्याहून महाग घेतलं, त्यानेही ठेवलं. अंडं चार वेळा विकलं गेलं आणि जागचं हललं नाही. हे लोक खुळे आहेत की यात काही खुबी आहे, मला कळेना.

मग कोहळं आलं. "दोनशेपासून!" काका ओरडले.

"साठ," मी म्हटलं. जिभेची सवय.

सगळी माणसं वळून पाहू लागली. "काहून गा भाऊ," काका म्हणाले, "सारे वर चढून राहिले, तुम्ही खाली काहून उतरून राहिले?"

"काय वं नंदाबाई," मागून एक बाई म्हणाली, "भाऊ तुझा भल्लाच चिक्कट दिसून राहिला!"

हशा झाला. माझे कान तापले. तेवढ्यात विटक्या सदऱ्यातला एक काटकुळा माणूस अडीचशे म्हणाला. माझ्या बहिणीचं कोहळं, माझ्या विजारीचा बळी घेऊन काढलेलं, आणि हा पोटाला चिमटा काढून ते घेणार? मी तीनशे म्हटलं. तो साडेतीनशे. माझं डोकं फिरलं. मी "दोन हजार!" असा ओरडलो की टेबलावरची कोंबडी फडफडली.

काकांनी कोहळं माझ्या हातात दिलं आणि हलक्या आवाजात विचारलं, "कोणाच्या नावानं?"

"म्हणजे?"

"घेणारा एक नाव सांगते. मंग आम्ही सारे त्याच्यासाठी प्रार्थना करतो. तुमाले कोणाचं सांगाचं आहे?"

मी नंदाकडे पाहिलं. ती मान खाली घालून पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. लहानपणी शाळेत निकाल लागायच्या दिवशी अशीच उभी असायची. तिनं मला काही सुचवलं नाही, खुणावलंही नाही. सगळे थांबले होते.

"प्रभाकर," मी म्हटलं.

नंदाच्या बोटाभोवतीचा पदर सुटला. काकांनी डोळे मिटले, सगळ्यांनी मिटले. फार लांब प्रार्थना नव्हती. 'आमेन' झालं आणि काकांनी हात पुढे केला. "द्या आता."

"अहो, मी विकत घेतलंय!"

"घेतलं ना? आता देऊन टाका."

मी ते छातीशी धरून क्षणभर उभा राहिलो. मग टेबलावर ठेवलं. त्या काटकुळ्या माणसाने पुन्हा बोली लावून ते घेतलं आणि पुन्हा प्रभाकरचंच नाव सांगितलं. तो प्रभाकरच्या शाळेतला शिपाई होता, हे नंतर कळलं. शेवटी कोहळं चिरून सगळ्यांसाठी भाजी झाली. पैसे वसूल करायचे म्हणून मी ती तीनदा वाढून घेतली.

घरी आल्यावर नंदानं नवऱ्याला सगळी हकीकत सांगितली, माझ्या विजारीसकट. मी त्याच्या बोटांकडे पाहत होतो. निदान एक तरी हलेल, असं वाटत होतं. काही हललं नाही. नंदानं त्याची कूस बदलली आणि कोहळं चिरताना वेचून आणलेल्या बिया खिडकीत वाळत घातल्या.

सोमवारी निघताना ती म्हणाली, "दादा, मी येत नाही."

"कळलं," मी म्हटलं. या खेपेस ती वाकली तेव्हा पाय मागे घेतले नाहीत. तिनं थोड्या बिया कागदात बांधून दिल्या.

वर्धा मागे पडलं तेव्हा आठवलं, ते वाक्य तिच्याकडून घ्यायचं राहिलंच. एवढ्या लांब ज्यासाठी गेलो तीच गोष्ट विसरून आलो. राग गेला असं म्हणणार नाही. लग्नाचं कार्ड अजून कपाटात आहे आणि ते आठवलं की अजून डोकं तापतं.

प्रभाकर अजून तसाच आहे. दर रविवारी, त्यांची उपासना संपायच्या सुमारास, मी फोन लावतो. नंदा तो त्याच्या कानाशी धरते. मी त्याला सांगतो की जुन्या गाड्यांना सध्या गिऱ्हाईक नाही, की बिया मी दुकानामागे लावणार आहे, की तुझ्या बायकोनं मला चिखलात पाडलं. माझी बायको म्हणते, समोरून हूं की चूं नाही, तुम्ही एवढं कोणाशी बोलता?

ऐकू येत असलं तर?