विमलताई आणि तलावाचा गाळ

"मामा, आई गेली," भाची फोनवर एवढंच म्हणाली. मी सेक्टर ६च्या बाजारात होतो. भाजीची पिशवी तिथेच राहिली... महिना झाला. रडू अजून नीट आलेलं नाही, राग मात्र रोज येतो.

विमलताई माझी थोरली बहीण. कारखान्याच्या पाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळेत तिची सगळी नोकरी झाली. निवृत्तीनंतर रिसालीत राहायला गेली आणि घराजवळच्या तलावात गुंतली. दर उन्हाळ्यात पाणी हिरवंगार व्हायचं, वास सुटायचा, मासे मरून तरंगायचे. ठेकेदाराची माणसं जाळीनं शेवाळ काढायची, फोटो निघायचे, पंधरा दिवसांत तलाव पुन्हा हिरवा. ताई भडकायची. "वरचं काढून काय होते रे? ते त खालच्या गाळावर जेवून राहिलं!" नाल्यांनी वर्षानुवर्षं आणलेला फॉस्फरस गाळात साठलाय, उन्हाळ्यात तोच पाण्यात सुटतो, आधी नाले अडवा, मग गाळातला फॉस्फरस तुरटीनं बांधून टाका, असं ती भेटेल त्याला समजावायची. नुसती बोलली नाही. एका कोपऱ्यात बांबू रोवले, प्लास्टिक लावून पाणी वेगळं केलं, मापून तुरटी आणि चुना सोडला. त्या उन्हाळ्यात तेवढ्या कोपऱ्यात गुडघाभर पाण्यात तिच्या पायाची बोटं दिसत होती. मी स्वतः पाहिली.

तलाव ज्यांच्या ताब्यात, त्या महापालिकेच्या साहेबांनी काय केलं? कारंजं बसवलं, रंगीत दिव्यांचं! त्यासाठी ताईचे बांबू उपटले. "मॅडम, कीचड़ देखने कौन आता है?" असं तिच्या तोंडावर म्हणाले. आणि शोकसभेत हेच साहेब हात जोडून सांगत होते, ताई म्हणजे तलावाची आई. त्यांच्या हातचा माइक हिसकावून घ्यावा असं वाटलं... उठलो नाही. कोणत्या तोंडानं उठणार? "एक दिवस माह्यासंग ऑफिसात चाल, दोघं असलो त ऐकतीन," असं ती म्हणाली होती, तेव्हा मी गुडघेदुखी पुढे केली होती. दुसऱ्याच दिवशी दुर्गला लग्नात जेवून आलो. तिला कळलं. ती एकटीच ऑफिसात गेली.

परवा तिच्या तलावाच्या नोंदींची फाइल घेऊन मी साहेबांच्या ऑफिसात गेलो. साहेब मीटिंगमध्ये होते. शिपायानं भिंतीलगतचा बाक दाखवला. "यहीं बैठिए. ताई भी यहीं बैठती थीं, पूरा-पूरा दिन." बसलो. पाच वाजता कळलं, साहेब मागच्या दारानं गेले.

"कल आता हूँ," मी म्हणालो.

"ताई भी यही बोलती थीं," तो म्हणाला.

काल गेलो. आजही निघालोय.