आपांचं ‘माहीत नाही’

शमीम आपा माझ्या दुकानात औषध घ्यायला कमी आणि वाचायला जास्त येत. दुपारी चारच्या सुमारास यायच्या, काउंटरजवळच्या स्टुलावर टेकायच्या, पिशवीतून भिंग काढायच्या आणि खोकल्याच्या औषधावरची मुंगीएवढी अक्षरं सावकाश वाचत बसायच्या. घाटंजीत मेडिकलचं दुकान चालवणाऱ्या माणसाला असं गिऱ्हाईक म्हणजे डोकेदुखीच. पहिल्या दिवशी मी चिडून विचारलंही, “आपा, घ्यायचं आहे की परीक्षा द्यायची आहे?” त्यांनी भिंगातूनच माझ्याकडे पाहिलं. “परीक्षाच आहे बेटा. पेपर काढणारा वर बसला आहे.”

उर्दू शाळेतून रिटायर झालेल्या बाई. नवरा गेलेला, मुलगा आखातात. मोहल्ल्यातल्या बायका सकाळी त्यांच्याकडे कसली कसली खोकी घेऊन यायच्या. टॉनिक, केकचा इसेन्स, नातवंडांच्या जेलीच्या गोळ्या. हे खाल्लेलं चालतं का, एवढंच त्यांना विचारायचं असे. आपा वाचून खोक्यावर पेन्सिलीनं लिहायच्या: ‘चालते’, ‘नाही’ किंवा ‘माहीत नाही’. मग चहा व्हायचा, गप्पा व्हायच्या. त्यांच्या घरी माणसांची ये-जा होती ती या खोक्यांमुळे.

अडलेलं खोकं आपा पिशवीतून माझ्याकडे आणायच्या. असंच एक पाहून मी एकदा म्हटलं, “अहो, हिरवा ठिपका आहे ना त्यावर, मग झालं की.”

“हिरवा ठिपका मांसाचं सांगते. दारूचं कुठं सांगते? अन् तुह्या औषधाच्या डब्यावर तर तोही नसते.”

मी कपाटातला एक डबा काढून फिरवून बघू लागले. आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या कुणी अंडंसुद्धा खाल्लं नाही, पण कॅप्सूलचं ते चकचकीत कवच कशाचं असतं, हे मी कधी विचारलं नव्हतं. आपांनी विचारलं तेव्हा वाचलं. जिलेटिन. म्हणजे जनावराचं. कुठल्या जनावराचं, ते लिहिलेलं नव्हतं. “याले आम्ही मशबूह म्हणतो,” आपा म्हणाल्या. “हलाल म्हणता येत नाही, हराम म्हणता येत नाही. मंग हात लावाचा नाही. माहीत नाही म्हणजे नाही.”

पुढे त्यांचे गुडघे धरले. डॉक्टरांनी हाडांसाठी कॅप्सूल लिहून दिल्या आणि आपांनी त्या नेल्याच नाहीत. मी वाद घातला, मजबुरीत चालतं म्हणता ना तुम्ही, मग? “जीव जात असंल तर चालते. माहे गुडघे दुखून राह्यले, जीव कुठं जाऊन राह्यला?” कंपनीला पत्र लिही, म्हणाल्या. मी लिहिलं. उत्तर येईना. आपांचं येणं आधी दिवसाआड झालं, मग आठवड्यातून एकदा.

खरं सांगते, मला त्यांच्या गुडघ्यांपेक्षा माझ्या दुपारचीच काळजी होती. हे गेल्यापासून आणि लेक पुण्याला गेल्यापासून माझ्याशी औषधाशिवाय दुसरं बोलणारं तेवढं एकच माणूस होतं. चार वाजले की मी रस्त्याकडे बघत बसायची. शेवटी एके दिवशी डबा घेऊन त्यांच्या घरी गेले आणि धडधडीत सांगून टाकलं, “उत्तर आलं, आपा. कवच वनस्पतीचं आहे.”

त्यांनी भिंग काढलं नाही. “तू सांगतलं ना? मंग झालं,” म्हणाल्या. डब्यावर माझ्यासमोर ‘चालते’ लिहिलं.

आपा खरंच बऱ्या झाल्या, रोज येऊ लागल्या. त्यांच्या सांगण्यावरून मोहल्ल्यातल्या आणखी चार बायका त्याच कॅप्सूल नेऊ लागल्या. सहा महिन्यांनी कंपनीचं उत्तर आलं. जिलेटिन जनावराचंच, माल निरनिराळ्या ठिकाणांहून येतो, कुठल्या जनावराचं ते खात्रीनं सांगता येणार नाही.

आठ दिवस ते पत्र मी गल्ल्यात दाबून ठेवलं. सांगितलं तर आपा परत पायरी चढणार नाहीत, ही एकच भीती. पण त्या समोर बसून ती कॅप्सूल पाण्याबरोबर घ्यायला लागल्या आणि माझ्यानं राहवलं नाही. पत्र पुढे केलं. त्यांनी दोनदा वाचलं.

“मले गुन्हा नाही,” त्या हळू म्हणाल्या. “मी तुह्या भरवशावर खाल्लं. तुहं तू पाह्य.” मग विचारलं, “काहून केलं असं?”

“तुम्ही येत नव्हता म्हणून.”

त्यांनी पत्राची घडी घातली. मग कॅप्सूल काउंटरवर ठेवून उठल्या. “त्या चौघींले सांगा लागंन,” म्हणाल्या आणि भर उन्हात गेल्या.

दुसऱ्या दिवशी चारला परत आल्या. मी यवतमाळहून त्याच औषधाची पूड मागवून दिली, दुधात घालून घ्यायची. ती पहिल्याच दिवशी मागवता आली असती, कंटाळा केला. त्या गोष्टीचा आपांनी पुन्हा कधी उच्चार केला नाही. पिशवीत खोकी मात्र दिसेनाशी झाली. मला वाटलं, वय झालं, आता होत नसेल. दोन वर्षं त्या येत राहिल्या, स्टुलावर बसत राहिल्या, आणि यंदाच्या थंडीत झोपेतच गेल्या. मुलगा मातीला पोचू शकला नाही.

परवा त्या चौघींपैकी एक, शबाना, टॉनिकची बाटली घेऊन आली. “ताई, यात दारू आहे का पाहून द्या ना. आधी आपा पाहत. पण मागं त्या स्वतःच घरोघरी येऊन सांगून गेल्या, माह्या वाचण्यात चूक झाली, त्या कॅप्सूल खाऊ नका. नजर गेलती बिचारीची. मंग आम्ही त्यांच्याकडं जाणंच सोडलं.”

मी बाटली खाली ठेवली. “त्यांनी वाचलंच नव्हतं, शबाना. मी खोटं सांगितलं होतं.”

तिनं बाटली आपल्याकडे ओढली. “दोन वर्षं कोणीच गेलं नाही जी त्यांच्या घरी,” एवढंच म्हणाली आणि बाटली उचलून दुसऱ्या दुकानाकडे निघाली.