वकील नावाच्या मेंढ्याचा पाहुणचार

दोन दुष्काळांना जे जमलं नाही, ते आमच्या घरानं चार दिवसांत करून दाखवलं.

नव्वदच्या आसपासची गोष्ट. मी जालन्यात जनावरांच्या दवाखान्यात कारकून होतो आणि तिथल्याच मस्तगड भागात राहत होतो. आईच्या माहेरचे भिवामामा, आष्टीकडचे मेंढपाळ, एका सकाळी मेंढा घेऊन दारात उभे राहिले. मेंढ्याच्या खुरात काटा जाऊन पू झालेला, आमचे डॉक्टर नेमके तीन दिवस रजेवर, आणि मामांची लेक जालन्यातच बाळंतपणाला इस्पितळात. मेंढा आमच्याकडे ठेवायचं ठरलं.

मेंढा जुन्या दख्खनी वाणाचा. शिंगापासून खुरापर्यंत काळा, म्हणून नाव वकील. ठेंगणा, लोंबत्या कानांचा, आणि लोकर अशी खरखरीत की हात फिरवला तर आपलाच हात सोलेल. मामा म्हणाले, "ह्या वाणाचा माह्याकडं ह्यो एकच नर राह्यला. बाकीच्यांनी ते उंच, तांबड्या ठिपक्याचे आणले. वजनाला भारी, पण लोकर न्हाई, अन् कोसभर चाललं की बसतेत. ह्यो काट्याकुट्यावर जगतो, दोन दुष्काळ काढले ह्यानं. भाचे, फक्त बाभळीचा पाला अन् पाणी. दुसरं काय बी नको."

"बिलकुल," मी म्हणालो. (ऑफिसात या वाणाचं माहितीपत्रक मीच टाइप केलं होतं: 'वैशिष्ट्य – कमी चाऱ्यावर तग धरतो.' कार्बन घालून, पाच प्रती.)

पण त्याच्या बरगड्या आई येता-जाता मोजायला लागली. त्यात शेजारच्या काकूंनी गच्चीवरून विचारलं, "अहो, त्याला खायला घालता ना?" झालं. आमच्या घराण्याची अब्रू त्या मेंढ्याच्या बरगड्यांना येऊन टेकली.

तिसऱ्या दिवशी वकील अंगानं भरल्यासारखा दिसायला लागला. मला वाटलं, आमच्याकडचं पाणीच चांगलं आहे.

चौथ्या दिवशी सकाळी तो उठेना. डावी कूस टम्म फुगलेली, दात करकर खात होता. मी धावत जाऊन रजेवरून परतलेल्या डॉक्टरांना घेऊन आलो.

"काय खाल्लं यानं?"

"पाला," आई म्हणाली.

"पालाच," बायको म्हणाली.

"अन् पाणी," वडील म्हणाले.

"कडक पथ्य, साहेब," मी म्हणालो.

डॉक्टरांनी विश्वास ठेवला आणि साध्या पोटफुगीचं तेल पाजलं. तासाभरानं मेंढ्याला पातळ हगवण लागली. तिच्यात अख्खी ज्वारी होती, मका होता. वकिलानं स्वतःच पुरावा सादर केला.

"दोन मुठीच ज्वारी घातली हो," आई रडायला लागली. बायकोनं रात्रीचा उरलेला भात कबूल केला. वडिलांनी गुळाचा खडा.

"आणि मका?" डॉक्टरांनी विचारलं.

मका मी आणला होता. पायलीभर. रोज ऑफिसला जाताना घमेल्यात ओतत होतो.

"धान्य आंबलं पोटात. तासाभरापूर्वी खरं बोलला असतात तर काही करता आलं असतं," डॉक्टर म्हणाले. दुपारी बाराच्या आत वकील गेला.

आणि एक वाजता भिवामामा आले, नात झाली म्हणून हातात जिलबीचा पुडा घेऊन. मी सगळं सांगितलं. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते मेंढ्याजवळ बसले आणि त्याच्या लोकरीतली कुसळं एकेक करून काढत राहिले.

"आता असे काळे कोकरं न्हाई व्हायचे," एवढंच म्हणाले.

मला इतकी लाज वाटली की आजही जिलबी घशाखाली उतरत नाही.

मामा उठले. आईला काय सुचणार, तोंडून सवयीनं निघून गेलं, "भिवादादा, दोन घास खाऊन जा."

मामांनी तिच्याकडे पाहिलं, मेंढ्याकडे पाहिलं. "नको, आक्का."

आमच्या घरातून न जेवता गेलेले ते पहिलेच पाहुणे. आमच्याकडून पाहुणा सुखरूप परत जायला हवा असेल, तर हाच एक मार्ग आहे.