दुपारी मिटणारा डोळा

सत्तरच्या दशकाच्या शेवटी मी आसगावच्या उपकेंद्रात नर्स होते. लसी, बाळंतपणं, हिवतापाच्या गोळ्या, यातच दिवस जायचा. तलावातली मासळी विकणारी एक बाई तेव्हा माझ्याकडे आली. दुपारनंतर तिची डावी पापणी खाली यायची. अड्याळच्या बाजारात तिला एकाचे दोन तराजू दिसायचे. लोक म्हणायचे, मोहाची दारू घेते.

“थेंबभर नाई घेत, बाई,” ती रडकुंडीला येऊन म्हणाली. “सकारी बरी राहतो. दुपारी डोरा मिटूनच जाते.”

मी टॉर्च लावून पाहिलं. दोन्ही बाहुल्या सारख्याच, उजेड पडताच बारीक होणाऱ्या. डोक्यात काही वाईट घडत असेल तर एक बाहुली मोठी होते, उजेडाला दाद देत नाही, एवढं आम्हाला शिकवलेलं. इथे तसं नव्हतं. मग पापणीच का पडते?

मी तिला आठ दिवस रोज सकाळ-संध्याकाळ बोलावलं आणि पापणी कुठवर येते ते वहीत काढून ठेवलं. आठही दिवस तेच. सकाळी डोळा उघडा, संध्याकाळी अर्धा मिटलेला. डुलकी काढली की पुन्हा उघडा.

वही घेऊन आम्ही एसटीने नागपूर गाठलं. तिथल्या एका दवाखान्यात तरुण डॉक्टरांनी तिला तपासलं. बसमध्ये तिची झोप झालेली, त्यामुळे डोळा टक्क उघडा.

“हिला काय झालंय?” त्यांनी विचारलं.

मी वही पुढे केली. मी म्हणाले, “सर, हिला छताकडे बघत राहायला सांगा. डोळा दमल्याशिवाय पापणी पडायची नाही.”

ती वर बघत राहिली. बराच वेळ काहीच नाही. मग डावी पापणी हळूहळू उतरली.

डॉक्टर मोठ्या साहेबांना घेऊन आले. साहेबांनी वही चाळली आणि एक इंजेक्शन दिलं. मिनिटाभरात डोळा उघडला.

“किती बोटं?”

“एकच!” ती हसलीच.

नसांचा निरोप स्नायूंपर्यंत नीट पोचत नाही, गोळ्या कायम लागतील, असं साहेबांनी समजावलं. मग वही उंच धरून विचारलं, “हे कुणी लिहिलं?”

“मी.” आवाज जरा मोठाच निघाला.

गोळ्यांनी ती सावरली, पुन्हा बाजारात बसू लागली. तिला दारुडी म्हणणाऱ्या बायांना ती ठणकावून सांगायची, “आमच्या नर्सबाईनं रोग धरला!” मी जवळून जात असले, तर ते ऐकायला मुद्दाम हळू चालायचे.